टी-१चा आकडा आणि रिकामी खुर्ची : हृदयाच्या एमआरआयमधील एका संशोधनपदाचे प्रकरण

एका विद्यापीठाच्या हृदय-प्रतिमांकन विभागात एमआरआय भौतिकशास्त्रज्ञाचे संशोधनपद सात महिने रिकामे राहिले. त्या काळात काय बिघडले, ते कसे लक्षात आले आणि त्यानंतर त्याच पदाची जाहिरात नव्याने कशी लिहिली गेली, याची ही नोंद आहे. नव्या निवड समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून मी होतो आणि त्याआधी बिघाडाचा शोध घेणाऱ्या बैठकांनाही मला बोलावले होते. विभागाचे व व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि ज्यांवरून ओळख पटेल असे तपशीलही वगळले आहेत.

पदावर आधी काय चालत असे

विभागाकडे ३ टेस्ला चुंबकक्षेत्राचा एकच स्कॅनर होता. आठवड्यातले काही दिवस तो रुग्णांसाठी आणि उरलेले दिवस संशोधनासाठी चाले. आधीचे संशोधक तिथे चार वर्षे होते. त्यांचा पगार एका अनुदानातून येत असे आणि अनुदानाची मुदत संपली त्या दिवशी त्यांचा करारही संपला. कागदोपत्री त्यांचे काम एकच होते : हृदयस्नायूचा टी-१ मोजण्याच्या पल्स सीक्वेन्समध्ये, म्हणजे स्कॅनर ज्या क्रमाने रेडिओ स्पंद सोडून प्रतिमा घेतो त्या क्रमात, सुधारणा करणे आणि त्यावर शोधनिबंध लिहिणे. प्रत्यक्षात ते आणखी एक काम करत, ज्याचा उल्लेख ना नियुक्तिपत्रात होता, ना वार्षिक अहवालात. संशोधनासाठी आलेली व्यक्ती स्कॅनरमध्ये झोपली की ते कन्सोलपाशी येऊन उभे राहत, पडद्यावरच्या पहिल्या तीन प्रतिमांवरून नजर फिरवत, तंत्रज्ञाला एखाददुसरा प्रश्न विचारत आणि परत आपल्या खोलीत जात. एकूण दोन मिनिटांचे काम. ते गेल्यावर ही दोन मिनिटे कोणाकडे सोपवायची, हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही, कारण ते काम आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते.

ती दोन मिनिटे का मोलाची होती हे समजण्यासाठी टी-१ म्हणजे काय, हे थोडे सांगावे लागेल. रेडिओ स्पंदाने ढळवलेले हायड्रोजन केंद्रकांचे चुंबकन मूळ स्थितीकडे परतायला जो वेळ घेते, त्याचे मोजमाप म्हणजे टी-१. हृदयस्नायूत लोह साठले किंवा फॅब्री या आनुवंशिक आजारात स्निग्ध द्रव्य साठले, तर तो घटतो. सूज आली, तंतुमय ऊतक वाढले किंवा अमिलॉइड हे असामान्य प्रथिन साठले, तर तो वाढतो. सुईने स्नायूचा तुकडा न काढता स्नायूच्या आतली घडण आकड्यात दिसते, म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना या मापनाचे मोल आहे. मात्र हा आकडा फूटपट्टीने लांबी मोजावी तसा मिळत नाही. धडधडणाऱ्या, श्वासाबरोबर हलणाऱ्या अवयवात तो मोजायचा असतो, आणि त्यासाठी केलेली प्रत्येक तडजोड आकड्यात उतरते.

या विभागात २००४मध्ये मांडल्या गेलेल्या मॉली पद्धतीचे पुढे रूढ झालेले छोटे रूप वापरात होते. एका दमात, अकरा ठोक्यांत मोजमाप पूर्ण होते : चुंबकन उलटे करायचे, पुढच्या पाच ठोक्यांत एकेक प्रतिमा घ्यायची, तीन ठोके थांबायचे, पुन्हा उलटे करून तीन प्रतिमा घ्यायच्या. प्रत्येक प्रतिमा हृदय शिथिल असतानाच्या त्याच क्षणी घ्यायची असते आणि तो क्षण ईसीजीवरून ठरतो. प्रबळ चुंबकक्षेत्रात वाहणारे रक्तच विद्युत दाब निर्माण करते आणि ईसीजीतील टी लहर फुगवते, त्यामुळे हा क्षण ओळखणेही सोपे नसते. मिळालेल्या आठ बिंदूंवर वक्ररेषा बसवून टी-१ काढला जातो. पण प्रतिमा घेण्याच्या क्रियेनेच चुंबकनाच्या परतीत व्यत्यय येतो, म्हणून नंतर गणिती दुरुस्ती करावी लागते आणि तीही पुरती होत नाही. मॉलीचा टी-१ खऱ्यापेक्षा कमीच येतो. सॅशा ही वेगळ्या तत्त्वावरची पद्धत खऱ्या आकड्याच्या अधिक जवळ जाते, पण तिचे आकडे जास्त विखुरतात. प्रत्येक केंद्राने आपल्या स्कॅनरवर, आपल्या पद्धतीने, निरोगी व्यक्तींचे स्वतःचे संदर्भमूल्य ठरवावे, असा आग्रह या क्षेत्रातील तज्ज्ञांनी २०१७च्या एकमत-निवेदनात धरला, तो याचसाठी. संदर्भमूल्य ठरवून झाल्यावर पद्धतीत काहीही बदलले तर ते निरुपयोगी होते, आणि काही बदलले आहे का हे सतत कोणीतरी पाहावे लागते.

आकडा खाली सरकला

संशोधक गेल्यावर दोन महिन्यांनी स्कॅनरचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यात आले. नियमाप्रमाणे तपासणी झाली. निकेल क्लोराइड मिसळलेल्या अ‍ॅगरोज जेलच्या बाटल्यांचा फँटम, म्हणजे माणसाऐवजी चाचणीसाठी वापरायचा नमुना, स्कॅनरच्या बोगद्यात ठेवून, बनावट ईसीजी मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून टी-१ मोजला गेला. प्रत्येक बाटलीचे मूल्य जुन्या नोंदीशी जुळले. तपासणीपत्रावर सही झाली आणि काम पूर्ववत सुरू झाले.

चार महिन्यांनी एक विद्यार्थिनी आपल्या पीएचडीसाठी निरोगी व्यक्तींच्या गटाची आकडेवारी मांडत होती. ती डाव्या जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याच्या, संपूर्ण कड्याची सरासरी घेत होती. तिच्या आलेखात नव्याने तपासलेले बहुतेक जण जुन्यांच्या खाली पडले होते. तिने मार्गदर्शकांना दाखवले. नमुना लहान आहे, आणखी माणसे येऊ देत, असे उत्तर मिळाले. उत्तर अगदीच चुकीचे नव्हते, पण त्यावर थांबणे चुकीचे होते.

त्यानंतरच्या पंधरवड्यात एका निरोगी स्वयंसेवकाच्या टी-१च्या रंगीत नकाशात डाव्या जवनिकेची बाहेरची भिंत ठळकपणे निळी, म्हणजे कमी टी-१ची, दिसली. कमी टी-१ म्हटल्यावर एका तरुण डॉक्टरांच्या मनात फॅब्रीची शंका आली. शंका प्रामाणिक होती. त्या स्वयंसेवकाला बोलावून घरात कोणाला मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार होता का, हे विचारण्यात आले आणि अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए या विकराची रक्ततपासणी करवली. अहवाल सामान्य आला, पण तो येईपर्यंतचे दिवस त्या माणसाने कसे काढले असतील याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो. विज्ञानाला मदत करायला म्हणून आलेल्या धडधाकट माणसाला आपण आनुवंशिक आजाराची भीती हातात देऊन घरी पाठवले होते.

इथे भौतिकशास्त्रज्ञ असता तर त्याने काय पाहिले असते? फॅब्रीतली घट साधारणपणे दोन जवनिकांमधल्या पडद्यातही दिसायला हवी. या व्यक्तीचा पडदा अगदी ठीक होता. घट होती ती फक्त फुप्फुसाला लागून असलेल्या भिंतीत. फुप्फुस म्हणजे हवा, आणि हवा व ऊतक यांच्या चुंबकीय प्रवृत्तीत दहा लाखांत सुमारे नऊ भागांचा फरक असतो. ३ टेस्लाला दहा लाखांतला एक भाग म्हणजे हायड्रोजन केंद्रकांच्या वारंवारतेत सुमारे १२८ हर्ट्झ. त्या सीमेवर चुंबकक्षेत्र वाकडे होणारच. ते सरळ करण्यासाठी शिम कॉइल नावाच्या वेटोळ्यांमधून योग्य प्रवाह सोडायचा असतो, आणि तो प्रवाह कोणत्या भागासाठी काढायचा हे कन्सोलवर एक पेटी आखून सांगायचे असते.

पेटी

शोध लागला तो एका ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या आठवणीमुळे. बैठकीत सीक्वेन्सची आवृत्ती, कॉइलची अवस्था, वक्ररेषा बसवणारी आज्ञावली अशा सगळ्या शक्यता मांडून झाल्यावर त्या म्हणाल्या, “सर यायचे तेव्हा नेहमी एकच विचारायचे, पेटी हृदयावर बसवली का? अपग्रेडनंतर ती पेटी मला दिसलेलीच नाही.”

आम्ही सगळे उठून कन्सोलवर गेलो. त्यांनी आडव्या, उभ्या आणि बाजूच्या छेदाच्या प्रतिमा उघडल्या आणि शिमचे चौकट-चिन्ह दाखवण्याची कळ दाबली. जुन्या नोंदीत हिरवी चौकट हृदयाभोवती घट्ट, थोडी तिरकी बसवलेली होती. नव्या नोंदीत चौकट पूर्ण छातीला वेढून होती : दोन्ही फुप्फुसे, पाठीचा कणा, यकृताचा वरचा भाग, सगळे तिच्या आत. अद्ययावत करताना प्रोटोकॉल पुन्हा आयात केले गेले आणि शिमची निवड मूळ, सर्वसाधारण पर्यायावर परत गेली. कोणी काही चुकीचे दाबले नव्हते. एक निवड गळून पडली होती, एवढेच.

पुढचे सगळे सुसंगत आहे. मॉलीच्या प्रतिमा ज्या संतुलित पद्धतीने घेतल्या जातात तिच्यात स्पंद एकामागोमाग फार जवळ असतात. दोन स्पंदांतले अंतर २.८ मिलिसेकंद असेल तर केंद्र-वारंवारतेपासून सुमारे १८० हर्ट्झ दूर गेल्यावर प्रतिमेत काळा पट्टा येतो. तो सगळ्यांना दिसतो. पण पट्टा येण्याच्या आधीच, शंभर हर्ट्झच्या आसपासही, चुंबकनाच्या परतीचा वेग बदलतो आणि टी-१ कमी येतो. प्रतिमा मात्र देखणीच दिसते. नंतर घेतलेल्या क्षेत्र-नकाशात, म्हणजे चुंबकक्षेत्र कुठे किती ढळले आहे हे दाखवणाऱ्या प्रतिमेत, बाहेरची भिंत नेमकी शंभरच्या पलीकडे गेलेली आढळली. पेटी हृदयावर बसवून त्याच व्यक्तीचे पुन्हा मोजमाप केले तेव्हा भिंतीचा निळा रंग गेला.

फँटमने हे का पकडले नाही, हा प्रश्न बैठकीत रागाने विचारला गेला. फँटमला फुप्फुसे नसतात. तो बोगद्याच्या मध्यभागी स्थिर असतो आणि त्याच्यासाठी छातीएवढी पेटीही चालते. त्याच्याकडून आपल्याला स्कॅनर, सीक्वेन्स आणि गणित यांची शाश्वती मिळते. छातीतल्या क्षेत्राची मिळत नाही. ज्यांना फँटम कळतो त्यांनाच फँटमची मर्यादा कळते, आणि असे कोणी त्या सात महिन्यांत विभागात नव्हते.

रुग्णांच्या अहवालांना धक्का लागला नाही, हे दैव नव्हे. तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार डॉक्टर टी-१ पडद्यात मोजत होते, आणि बाहेरच्या भिंतीपाशी नेमका हाच धोका असतो म्हणून ती शिफारस आहे. नुकसान झाले ते संशोधनाचे. मधल्या काळातल्या व्यक्तींचे क्षेत्र-नकाशे घेतलेच नव्हते, त्यामुळे मागे जाऊन दुरुस्ती करणे शक्य नव्हते. विद्यार्थिनीने दोन्ही काळांतल्या सर्वांसाठी फक्त पडद्यातला टी-१ घेण्याचे ठरवले, गटांमधला फरक पाहण्याच्या आधी तो बदल लेखी नोंदवला आणि नीतिविषयक समितीला कळवला. बाहेरच्या भिंतीविषयीचा तिचा मूळ प्रश्न प्रबंधातून काढावा लागला. तिने ते ज्या संयमाने केले त्याचे मला फार कौतुक वाटते. पण तिच्यावर ती वेळ यायला नको होती.

जाहिरात

रिकाम्या पदाची जुनी जाहिरात मी तेव्हा प्रथम वाचली. तिच्यात सखोल अध्ययन, संपीडित संवेदन, बोटांच्या ठशांसारखी टी-१ व टी-२ एकत्र ओळखणारी फिंगरप्रिंटिंग पद्धत, चार संगणकभाषा, शोधनिबंधांची भक्कम यादी, अनुदान मिळवण्याचा अनुभव, अध्यापन आणि चिकित्सालयीन कामाची तयारी हे सर्व एकाच माणसाकडून मागितले होते, आणि बदल्यात अठरा महिन्यांचा करार देऊ केला होता. अर्ज आले नाहीत असे नाही, पण ज्यांनी केले त्यांतल्या दोघांना निवड होऊनही दुसरीकडे अधिक मुदतीचे पद मिळाले आणि ते तिकडे गेले. ही जाहिरात म्हणजे विभागाच्या इच्छांची यादी होती. पदावरच्या माणसाने सोमवारी सकाळी येऊन काय करायचे, याचे एकही वाक्य तिच्यात नव्हते.

नव्या मसुद्यात आम्ही सुरुवातच कामापासून केली. हृदयस्नायूच्या मापनांची अचूकता आणि पुनरावृत्तीक्षमता यांची जबाबदारी या पदावर राहील. प्रत्येक सॉफ्टवेअर-बदलानंतर फँटमबरोबरच निरोगी व्यक्तींवरही मोजमाप होईल आणि त्याचा निर्णय या पदावरील व्यक्ती देईल. संशोधनाच्या स्कॅनमध्ये शंका आल्यास ते थांबवण्याचा अधिकार तिला असेल. आठवड्यातला एक पूर्ण दिवस स्कॅनर तिच्यासाठी राखलेला असेल, कारण यंत्राचा वेळ मागत फिरणारा भौतिकशास्त्रज्ञ पद्धत तपासू शकत नाही. नवी सीक्वेन्स विकसित करण्याचे काम कायम राहिले, पण ते उत्पादकाच्या प्रोग्रॅमिंग वातावरणात करायचे की पल्सेकसारख्या खुल्या साधनांत, हे उमेदवारावर सोडले. कराराची मुदत तीन वर्षे केली.

मुदतीवरून विभागप्रमुखांशी बरीच चर्चा झाली. अनुदाने छोटी असतात, मुदत कशी वाढवणार, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते खरेच होते. शेवटी निम्मा पगार विभागाच्या निधीतून आणि निम्मा अनुदानातून, अशी तोड निघाली. गुणवत्तेची राखण हे एखाद्या प्रकल्पाचे काम नसून विभागाचे काम आहे, हे या निम्म्या पगाराने पहिल्यांदा हिशेबात मान्य झाले.

मुलाखत

तीन उमेदवार बोलावले. प्रत्येकाला तोच निळ्या भिंतीचा नकाशा दाखवला आणि एवढेच सांगितले की व्यक्ती निरोगी आहे, फँटम जुळतो आहे, पुढे काय कराल.

पहिल्या उमेदवारांची शोधनिबंधांची यादी तिघांत सर्वांत मोठी होती. त्यांनी असे नकाशे ओळखून दुरुस्त करणारे संगणकीय न्यूरल जाळे कसे प्रशिक्षित करता येईल हे अतिशय स्पष्टपणे मांडले. दुसरे रुग्णालयात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी सुरक्षा आणि गुणवत्ता यांची पूर्ण तपासणी-सूची सांगितली, ती उत्तम होती, पण तिच्यात शिम शेवटाकडे होता. तिसऱ्या उमेदवार घन पदार्थांच्या चुंबकीय अनुस्पंद (एनएमआर) वर्णपटशास्त्रातून येत होत्या आणि त्यांनी कधी हृदय स्कॅन केले नव्हते. त्यांनी नकाशाकडे बराच वेळ पाहिले आणि उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारले. नाडीचा वेग किती होता? दम मध्येच सुटला का? कच्च्या आठ प्रतिमा पाहायला मिळतील का? या भिंतीच्या पलीकडे काय आहे? फुप्फुस आहे असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग मी आधी क्षेत्र पाहीन. आमच्याकडे नमुना बदलला की पहिला अर्धा तास शिममध्येच जातो.”

निवड एकमताने झाली नाही. समितीतल्या एका सदस्यांचे म्हणणे होते की प्रतिमा-पुनर्रचनेतले कौशल्य नसेल तर विभाग पुढच्या अनुदानांच्या शर्यतीत मागे पडेल, आणि हृदयाचे शरीरशास्त्र शिकवण्यात सहा महिने जातील. दोन्ही मुद्दे वजनदार होते. मी तिसऱ्या उमेदवारांच्या बाजूने मत दिले. पुनर्रचनेचे कौशल्य शेजारच्या संगणक विभागाशी सहकार्य करून मिळवता येते. आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो कुठून आला हे विचारण्याची सवय उसनी आणता येत नाही. बहुमत त्यांच्याच बाजूने झाले. असहमत सदस्यांचे मत नोंदीत तसेच ठेवले आहे.

रुजू झाल्यावर

पहिले सहा आठवडे त्यांनी स्वतःचे संशोधन सुरूच केले नाही. त्या तंत्रज्ञांबरोबर बसल्या, इलेक्ट्रोड लावायला शिकल्या, छातीवर कॉइल बांधताना माणूस किती घाबरलेला असतो हे त्यांनी पाहिले. घाबरलेल्या माणसाची नाडी वेगाने चालते आणि वेगवान नाडीत तीन ठोक्यांची विश्रांती चुंबकनाला पुरत नाही, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आले. त्यांनी सुचवल्यावरून विश्रांती ठोक्यांऐवजी सेकंदांत मोजणारी मॉलीची सुधारित आवृत्ती बसवण्याचे ठरले, म्हणून संदर्भमूल्यही पुन्हा ठरवावे लागणार आहे. ते काम सुरू आहे.

प्रत्येक टी-१ मापनाआधी आता काही ठोक्यांचा क्षेत्र-नकाशा घेतला जातो आणि तो त्या व्यक्तीच्या नोंदीत राहतो. ज्या ज्येष्ठ तंत्रज्ञांना पेटी आठवली होती, त्यांनी प्रोटोकॉलची पहिली पायरी स्वतः लिहिली : “तिन्ही छेदांत चौकट हृदयावर आहे का ते पाहणे, नंतरच पुढे जाणे.” निळ्या भिंतीच्या त्या स्वयंसेवकाला नव्या भौतिकशास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून दोन्ही नकाशे दाखवले आणि चूक मोजमापात होती, तुमच्या हृदयात नव्हती, हे समजावून सांगितले. ते पुढच्या अभ्यासासाठी पुन्हा यायला तयार झाले आहेत.

अनुदानातून येणारा निम्मा पगार तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस थांबेल. त्यापुढची तरतूद विभागाच्या अंदाजपत्रकात अजून झालेली नाही, आणि ती पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावी असे पत्र समितीच्या सर्व सदस्यांच्या सहीने विभागप्रमुखांना दिले आहे.